दर दोन तासांनी आजोबा

आमच्या मेल वॉर्डात किस्से साठायला वेळ लागत नाही, आणि मला दचकायला! ट्रे पडला तरी मीच किंचाळते. म्हणून त्या दिवशी जयगडच्या आजोबांना कुशीवर घेताना मी "अगं आई!" म्हणाले, तेव्हा कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

माकडहाडाजवळ सुपारीएवढा लाल डाग होता. बोटाने दाबला की असा डाग क्षणभर पांढरा व्हायला हवा. हा लालच राहिला. म्हणजे आणखी थोडी हयगय, की तिथे बेडसोर, हाडापर्यंत जाणारी जखम! आजोबांनी जन्मभर मासेमारी केलेली, पण पॅरालिसिसनंतर ना हलत होते, ना बोलत होते. दुखतंय हे तरी कोण सांगणार?

*

इन्चार्ज सिस्टरांनी हे फारच मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी स्टाफची टेस्ट! विषय, बेडसोर कसे टाळावेत. पहिला प्रश्न, 'पेशंटची कूस किती वेळाने बदलावी?' सगळ्यांनी लिहिलं, 'दर दोन तासांनी.' सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क! पेपर, तपासणी, भाषण आणि चहा-वडा धरून कार्यक्रम चालला तीन तास.

तोवर आजोबा एकाच कुशीवर!

*

मी धावत वॉर्डात आले, तर कूस बदलल्याच्या चार्टवर दुपारी चारपर्यंतच्या सह्या हजर. घड्याळात वाजला होता एक.

माझ्या ड्युटीतली सुजाता म्हणाली, "मीच करून ठेवल्या."

"अगं, पण चार वाजलेत कुठे?"

"वाजणार नाहीत का?"

*

मग हवेची गादी मागवली. तिचा पंप सतत चालू ठेवावा लागतो. दुपारी बघते तर गादी घावनासारखी सपाट! पंपाचा प्लग काढून तिथे मोबाईल चार्जिंगला लावलेला.

"मुंबयसून पोराचा फोन यायचा हाय," आजोबांची बायको, म्हणजे आजी, म्हणाल्या. "आनि गादी सकाळीच फुगवलेली व्हती की!"

मी प्लगवर चिठ्ठी चिकटवली, 'हा प्लग काढू नये.' दुसऱ्या दिवशी चिठ्ठी जागेवर, प्लग जागेवर, गादी सपाट! आजींनी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं.

"प्लगला हात लावला न्हाय हां मी! उगाच लाईट जळते म्हनून बटन तेवढा बंद केलाय."

*

चौथ्या दिवशी आजोबांच्या टाचेवर काळाकुट्ट डाग दिसला. टाचेची कातडी मेली, या विचाराने मी थेट सर्जनना फोन लावला. ते ओपीडी सोडून आले. चष्मा वर करून बघितलं, वास घेतला, आणि आजींकडे वळले.

"बिब्बा?"

"भेगा पडल्यात ना त्यांना! कालच घातलेला मी," आजी म्हणाल्या.

सर्जन जाताना मला म्हणाले, "सिस्टर, पुढच्या वेळी आधी आजींना फोन करा."

*

कॉलेजात शिकवलं होतं, पेशंट बोलत नसला तरी हात लावण्याआधी त्याला हाक मारून सांगायचं. मी दर दोन तासांनी सांगायचे, "आजोबा, डाव्या कुशीवर घेते हं!" मग, "आजोबा, उजव्या!" त्यांची पापणीही हलायची नाही. सुजाता म्हणायची, "भिंत बोलेल आधी."

नवव्या दिवशी डाग फिकट वाटला. बोटाने दाबला. पांढरा झाला! मी इतकी हरखले, की आत्ताच डावीकडे वळवलंय हे विसरूनच गेले. सुजाताने खांद्याखाली हात घातला, आजींनी उशी धरली, आणि मी जोरात हाक मारली, "आजोबा, उजव्या कुशीवर घेते हं!"

आजोबांनी डोळे उघडले. ओठ दोनदा नुसतेच हलले. मग एकेक शब्द ओढत, जड जिभेने ते म्हणाले,

"अगो बाय... मी काय बांगडा हाय? किती परतशील!"