बाबांच्या दोनशे रेकॉर्ड्स

बाबा परवा गेले. गेली दोन वर्षं मी त्यांच्याशी धडधडीत खोटं बोलत होतो.

RIP टाकायच्या आधी एवढं वाचा.

बाबा आखातात, फुजैराच्या पोर्टवर एका शिपिंग कंपनीत होते. शर्ट कायम इन केलेला, पूजेशिवाय चहा नाही.
आणि वेड कसलं, तर सत्तरच्या सुरुवातीच्या ब्रिटिश ग्लॅम रॉकचं! गालावर चमकी लावून, उंच टाचांचे बूट घालून नाचणारे ते गोरे बाप्ये.

पुण्यात शाळेत असताना रेडिओला कान लावून ते दर आठवड्याचा ब्रिटिश चार्ट वहीत उतरवायचे. एक नंबरला कोण, किती आठवडे टिकलं, सगळं तोंडपाठ.
फुजैराला आल्यावर जहाजांवरच्या ऑफिसरांना मस्का मारून त्यांनी त्याच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड्स मागवल्या. दोनशेच्या वर जमल्या.

2009 मध्ये कंपनीने एका ईमेलवर काढलं. व्हिसा कॅन्सल, तीस दिवसांत देश सोडा.

"चार्टवर बावीस आठवडे टिकणं कठीण. मी बावीस वर्षं टिकलो. आता खलास," म्हणाले. हसले नाहीत.

दर शुक्रवारी आमच्याकडे पोहे खात ती गाणी ऐकणाऱ्यांपैकी एकही जण एअरपोर्टवर आला नाही. आज तुम्हीच 'great soul' लिहिताय.

पण तुम्हाला तरी काय बोलू?

विमानात वजन चालेना, म्हणून रेकॉर्ड्सचे दोन खोके माझ्याकडे आले. मी शारजात तिघांबरोबर एका खोलीत राहत होतो.

"घरात ठेव. उभ्या ठेव. ऊन लागू देऊ नकोस." तीनदा सांगितलं.
"रिलॅक्स बाबा, आय विल हँडल इट."

खोके गाडीच्या डिकीतच राहिले. उद्या वर नेतो, उद्या नेतो.
जुलै महिना. उघड्यावरचं पार्किंग. तिथे राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको.

तीन आठवड्यांनी डिकी उघडली तर एकूण एक रेकॉर्ड पापडासारखी वाकडी.
सगळ्या कचऱ्यात टाकल्या आणि ऑफिसला गेलो.

बाबा दर शुक्रवारी फोनवर विचारायचे, "निघाल्या का रे?"

"कार्गोवाला फोन उचलत नाही."
"रमादान चालू आहे बाबा."
"नेक्स्ट मंथ, इन्शाल्ला."

सुट्टी मिळत नाही म्हणून दोन वर्षं पुण्याला गेलो नाही. तेही खोटंच. भित्रा होतो मी, दुसरं काही नाही.

काल घरी पोचलो. अग्नी दिला.

बाबांच्या खोलीत भिंतभर नवं शेल्फ. सुताराकडून माप देऊन करून घेतलेलं. कप्प्यांवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठ्या: १९७१, १९७२, १९७३, १९७४.
आत काहीच नाही. धूळसुद्धा नाही.

आत्या म्हणाली, "दादा रोज पुसायचा हे. विचारलं तर म्हणायचा, पोरगा घेऊन येतोय. काय आणणार होतास रे?"

"माहीत नाही," म्हणालो.

बाबा, रेकॉर्ड्स येणार नाहीत.
वाट बघू नका. जा आता.