थरथरत्या हाताचा पॉलिशवाला

मोटारीला हात लावण्यापूर्वी गणूदादा जवळजवळ नागडा होत असे. अंगठी, कानातली बाळी, कमरेचा चांदीचा करदोडा, बटणांची बंडी, सगळं उतरवून पायरीवर ठेवायचा आणि लंगोटीवर उभा राहायचा. "धातू लागला तर रंगावर वळ उठतो," म्हणायचा, "आन् मंग तोच वळ माझ्या पाठीवर उठतो."

मूळचा तो वार्निशवाला. पेट्या, पलंग, टांगे चमकवता चमकवता मोटारींपर्यंत पोचला. त्याच्याइतका भित्रा माणूस अलिबागेपासून मुरुडपर्यंत झाला नाही. मोटारीचा भोंगा वाजताच तो नारळावर चढलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. उतरवायला चौघे चढले, तर उतरताना हाच त्यांना म्हणत होता, "संबाळून, पडाल."

मी तेव्हा अलिबागेत एका रावसाहेबांची मोटार चालवत होतो. रावसाहेब खोकले की पार किहीमचे कावळे उडत. त्यांच्या मुलीच्या लग्नात नवरदेव त्याच काळ्या मोटारीतून मिरवायचा होता, आणि खाऱ्या वाऱ्याने तिचा रंग राख फासल्यासारखा झालेला. "पॉलिशवाला तू निवड," रावसाहेब मला म्हणाले. "रंगाला काही झालं तर खोली रिकामी करायची." खोली म्हणजे त्यांच्या आवारातली माझी खोली. आत माझी बायको, दिवस भरत आलेली. मी भेदरून पॉलिशवाले शोधायला लागलो.

मुंबईहून आलेला एक पॉलिशवाला म्हणाला, "तासाभरात आरसा करतो," आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावरच कापड टेकवायला निघाला. मी त्याला वाटेला लावला. गणूदादाने मात्र माझीच उलटतपासणी घेतली. "गाडी उनात किती उभी व्हती? धुतली कुटल्या पान्यानं? आदी कुनी घासली हाय का?" गाडी सावलीत गार होईस्तोवर तो तिला शिवला नाही. मग गोड्या पाण्याने मीठ आणि वाळू उतरवली, फडकं आधी स्वतःच्या गालावर घासून बघितलं, आणि मागे जादा चाकाच्या आड, कुणाला न दिसणाऱ्या जागी, बोटभर चोळून पाहिलं. त्या आवारात माझ्याहून जास्त घाबरलेला तो एकटाच होता. म्हणून मी त्यालाच निवडलं, आणि खोलीची अटही सांगून टाकली.

लग्नाच्या सकाळी गाडी अशी झळकली की आवारातला कोंबडा दुसऱ्यांदा आरवला. बॉनेटच्या कडेला तळहाताएवढी जागा तेवढी मंद राहिली होती.

"हे काय?" रावसाहेबांनी विचारलं.

"तितं रंग सरत आलाय, सायेब." गणूदादाचे दात वाजत होते. "कडंला तो पातळच असतो. आनखी घासला तर पत्रा दिसंल."

"काम अर्धवट, आणि वर मला शिकवतोस?" रावसाहेबांनी फडकं हिसकावलं आणि देवघरातली समई घासावी तसा जोर लावला. काळ्यातून पांढरा पत्रा डोकावला.

सनईवाल्याने श्वास घेतला तो सोडलाच नाही. रावसाहेबांनी सावकाश मान वर केली. "कोणी केलं हे?"

मी खोलीकडे पाहिलं. दारात बायको पोटावर हात ठेवून उभी होती.

गणूदादा पुढे सरला, वाळल्या शेंगेसारखा खुळखुळत. "गणूनं केलं म्हना, सायेब. सगळ्यांम्होरं म्हना. पन याची खोली ऱ्हाऊ द्या."

रावसाहेबांनी फडकं खाली टाकलं. "तिथे हार बांधा," म्हणाले आणि आत गेले.

खोली राहिली. माझी मुलगी तिथेच जन्मली. गणूदादाचं मात्र, त्याच्याच शब्दांवरून, नाव पडलं, रावसाहेबांची गाडी सोलणारा. पुन्हा एकाही मोटारवाल्याने त्याला बोलावलं नाही. ती नोकरी सुटल्यावर मी खरं काय ते गावभर सांगत फिरलो, पण माझ्या थापांना सरावलेल्या गावाने तीही थापच मानली.

गणूदादा बोर्ली पंचतनला जाऊन पाळणे रंगवू लागला. तिकडे एकदा भेटायला गेलो आणि लोक ऐकत नाहीत म्हणून त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं.

"आता सांगू बी नको," तो म्हणाला. "मोटारीचा मालक मारतो. पाळन्याचा मालक निस्ता रडतो."