दोन जीपची एक जीप

माझ्याच गावच्या, चेंबूरला राहणाऱ्या एका कंत्राटदाराने मला फसवलं. दोन मोडक्या जीपचे धड राहिलेले अर्धे भाग कुणाकडून तरी जोडून घेऊन त्याने ते मला एक जीप म्हणून विकले. हे आधीच सांगतो, कारण चेंबूरला अजून काहीजण म्हणतात, हा भाव पाडायला गेला आणि स्वतःच पडला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुलुंडला माझा जुन्या पिंपांचा धंदा होता. सुरुवात दुसऱ्याची पिंपं घासण्यापासून केलेली. वस्तू बघून तिचं दुखणं ओळखायचं, एवढीच माझी विद्या. जीप बघायला गेलो तेव्हा हूड फाटलेलं, हॉर्न मुका, मागचा पत्रा कुजलेला. एकेका खोटीवर मी भाव खाली आणला आणि तो कुरकुरत आणू देत राहिला. भांडण्यात मी इतका रमलो की गाडीखाली वाकलोच नाही.

चाळीमागच्या मोकळ्या जागेत मी ती खोलायला घेतली. पत्रे उतरवले, गंज खरवडला, वायरिंग नवं ओढलं. पेट्रोल परवडणारं नव्हतं, म्हणून एक जुनं डिझेल इंजिन आणून ठेवलं. मे महिन्यात बायकोला आणि दोन्ही मुलींना याच जीपने घाट उतरून गावी न्यायचं, असं घरात सांगूनही टाकलं.

डिझेल इंजिन जड. ते चढवण्याआधी खालचा लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, तपासायला वाकोल्याहून एक म्हातारे वेल्डिंग मिस्त्री आले. हातोडीने ते मागून पुढे ठोकत आले. ठण, ठण, ठण. सीटच्या खाली आवाज बसला म्हणाले. मला काही फरक कळला नाही. त्यांनी तिथला रंग खरवडला, तर खाली सपाट लोखंड. मी म्हटलं, मिस्त्री, कान तपासून घ्या.

त्यांनी त्या जागी रॉकेलचा बोळा फिरवला, कोरडं पुसून घेतलं, माझ्या मोठीकडून खडू मागून त्याची पूड वर चोळली. मग आम्ही बसून राहिलो. हळूहळू त्या पांढऱ्या पुडीतून एक ओलसर रेघ वर आली. केसाएवढी बारीक, आणि सरळ नव्हे, जिन्यासारख्या पायऱ्या घेत गेलेली. दुसऱ्या बाजूलाही तशीच, त्याच मापाची. इथेच दोन जीप एकमेकींना जोडल्या होत्या. आयुष्यभर लोखंड हाताळलं, पण असं काही पाहिलं नव्हतं. राग यायच्या आधी अंगावर काटा आला. बायको बघायला आली, तीही पदर धरून उभी राहिली.

"काय हात आहे," मिस्त्री पुटपुटले. रेघेला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

आता मात्र मी भडकलो. चोराचं कौतुक माझ्या दारात नको म्हणालो.

"चोर विकणारा, शेठ. जोडणारा कारागीर. जोड अजून धरून आहे. शेजारचं लोखंड सोडायला लागलंय, ती भेग दिसतेय."

मी म्हटलं, वरून जाड पट्टी मारा. दोन मारा. निदान मेपुरती चालेल असं करा.

"लोखंडाशी घासाघीस होत नाही, शेठ. पोरींना यात बसवून घाटात जाऊ नका."

इंजिन गोणपाटात गुंडाळलेलंच राहिलं. गावी आम्ही एसटीने गेलो. धाकटी वाटभर माझ्याशी बोलली नाही.

परत आल्यावर मी चेंबूरला त्या कंत्राटदाराचं घर गाठलं. त्याने चहा मागवला आणि शांतपणे म्हणाला, "तू हॉर्न बघलंस, हूड बघलंस. खाली वाकलंस नाय, तेका मी काय करू?"

मी कप तसाच ठेवून उठलो.

ती रेघ आठवली की आजही मान खाली जाते. एवढं कसब, आणि ते लपवण्यासाठी वापरलेलं. पण जोडणाऱ्याशी माझं भांडण नाही. माझा सवाल विकणाऱ्याला आहे. पैसे ठेव तुझ्याकडे. दोन जीपचे उरलेले दोन अर्धे भाग कुठेतरी चेचले गेले होते. त्यात कोण बसलं होतं? आणि ते ठाऊक असताना, जीप न्यायला आलो त्या दिवशी माझ्या धाकटीला तू स्वतःच्या हातांनी उचलून मागच्या सीटवर का बसवलंस? गावच्या चार माणसांसमोर उभा राहा आणि सांग.