आमचा भात त्यांच्या ताटात

नसरापूरच्या जवळ, हायवेला लागूनच ते हाटेल आहे. नाव घेत नाही, पण अजूनही एसटी तिथून गेली की माझं तोंड आपोआप दुसऱ्या खिडकीकडं वळतं.

वेल्ह्याकडं आमच्या गावात बायकांचा गट आहे. त्या साली मी सगळ्यांच्या हात धुऊन मागं लागून आंबेमोहोर लावायला लावला होता. हा तांदूळ पिकतो कमी, वारं आलं की आडवा होतो. घराघरातले पुरुष म्हणत होते, "ह्या बाईच्या नादी लागू नका." पण वासाला त्याला जोड नाही. पुण्यात दुकानं असलेल्या एक बाई आमचा सगळा माल घ्यायचं बघत होत्या. त्यांची एकच अट होती, शिजवलेला खाल्ल्याशिवाय शब्द देणार नाही. त्या नको म्हणाल्या असत्या तर तो तांदूळ साध्याच्या भावात गेला असता आणि मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

बाई साताऱ्याहून परतत होत्या, आत गावापर्यंत यायला त्यांना सवड नव्हती. म्हणून हायवेवरचं हाटेल ठरवलं. आमच्या भागात हाटेलवाल्याला आपली कोंबडी, आपला तांदूळ नेऊन द्यायची रीत आहे. तो शिजवून वाढतो. दुपारीच मी आणि माझी थोरली जाऊ तांदूळ देऊन आलो. मालकाला बजावलं, "नवा तांदूळ आहे, पाणी बेतानं घाला."

"काळजीच सोडा, ताई," तो म्हणाला. सोडली, तिथंच फसलो.

संध्याकाळी पाहुणीला घेऊन बसलो तर आमचं टेबल बेसिनला खेटून. येणारा प्रत्येक जण आमच्या कानाशी चूळ भरून, खाकरून जायचा. दुसरं टेबल मागितलं, तर म्हणे रिझर्व्ह आहे. पाणी मागितलं. वेटरनं मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "सांगितलंय, बसा." भाकरीचं विचारलं. "सांगितलंय." अरे बाबा, सांगितलंस कुणाला, भिंतीला? बाईंशी मी हसून बोलत होते आणि आतून नुसती पेटले होते. भाकरी आली ती वातड, रस्सा आला तो गार. "म्हसरापुढं बी आसं टाकत न्हाईत," जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या.

भात तर येईचना. शेवटी मी उठून गल्ल्यावर गेले. तिथला माणूस फोनवर कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होता. त्यानं माझ्याकडं बघून हातानंच थांबा म्हटलं. मी थांबले, थांबले, आणि तोंड आंबट करून परत फिरले. बघते तर बाईंच्या ताटात भात पडलेला. लांब लांब शीतं, वरून जिरं; आमचा आंबेमोहोर तर आखूड शिताचा. रस्सा कालवून त्यांनी निम्मा संपवलाही होता.

मी जाऊबाईंकडं बघितलं. त्यांनी बारीक मान हलवली, की गप ऱ्हा. जेवत्या माणसाला "हे टाका" म्हणायचं नाही, पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवायचं नाही, हे आमच्यात लहानपणापासून भिनलेलं. म्हणून मीही गप्प बसले. कप्पाळ माझं!

बाई हात धुऊन आल्या. म्हणाल्या, "भात मोकळा होतो चांगला. पण तुम्ही म्हणालात तसा वास काही आला नाही. असा तांदूळ मला कुठंही मिळतो."

"बाई, तो आमचा नव्हताच."

त्या हसल्या. "असू दे, होतं असं कधी कधी." विकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी पर्स उचलली.

तेवढ्यात फॅमिली रूमचं दार कुणीतरी उघडलं आणि वास आला. वर्षभर ज्याच्यासाठी चिखलात वाकले तो वास मला कळणार नाही होय? मी तडक आत घुसले. आत एसी, आणि मालक स्वतः उभा राहून आपल्या पाहुण्यांना वाढत होता. काय तो आग्रह! "घ्या हो, एवढा तरी घ्या." पातेल्यात आमचा भात.

मला बघून त्याला लाज वाटावी? छे! "या ताई! तांदूळ एक नंबर आहे तुमचा. आमचे पाहुणे अचानक आले, म्हटलं ह्यांना चाखवू. तुम्हाला दिला ना दुसरा भात? पोट भरल्याशी मतलब."

मी पातेल्याला हात घातला.

"अहो ताई, पाहुणे जेवतायत!"

"आणि माझी पाहुणी काय बेसिन घासायला आली होती, मेल्या?"

जेवत्या माणसांपुढचं अन्न उचलू नये, हे मला त्याही वेळी आठवत होतं. तरी उचललं. खाली फक्त खरवड राहिली होती, थोडी लागलेली.

बाहेर बाई निघायला उभ्याच होत्या. जाऊबाईंनी पातेलं माझ्याकडून घेतलं, हातानंच खरवडून एक मूद केली आणि तळहातावर त्यांच्यापुढं धरली. "हात धुतला तुमी, ठावं हाय मला. पर एक घास खावा. ह्यो आमचा."

बाईंनी आधी नुसता वास घेतला. मग घास उचलून खाल्ला, सावकाश. पर्स परत टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"सगळा माझ्यासाठी ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी मी गावातच येते."

रडायचं नव्हतं मला तिथं, त्या बेसिनपाशी.

मागून मालक आलाच. आता आवाजात साखर. "ताई, आमच्या हाटेलाला पण लावून द्या की हा तांदूळ. पाहुणे विचारतायत. कधी पाठवताय?"

जाऊबाईंनी रिकामं पातेलं त्याच्या हातात दिलं.

"सांगितलंय," त्या म्हणाल्या. "बसा."