गुणवंताच्या आवाजातली कॅसेट

मध्य प्रदेशातल्या सौसरात गुणवंता मेश्राम सायकल-रिक्षावर भोंगा बांधून एलान करत फिरायचा. टॉकीजमधला नवा सिनेमा, उद्या नळ नाही, मोहगावच्या बाजारात हरवलेली म्हैस, कोणाची मयत, सगळं एकाच आवाजात. मयतीला आवाज वेगळा लावावा असं त्याला कधी सुचलं नाही. त्याचा कायदा एकच: ज्याची गोष्ट, त्यानं येऊन सांगायची. म्हणून त्याचं एलान गाव डोळे मिटून खरं मानायचं.

१९८३ च्या नगरपालिकेच्या निवडणुकीत त्याच्या वॉर्डातली दाई यमुनाबाई उभी राहिली. समोर संत्र्याचे व्यापारी भैय्याजी. मतदान दोन दिवसांवर आलं तसे भैय्याजी सकाळीच त्याच्या दारात.

"एलान कर, गुणवंता. यमुनानं माघार घेतली."

"घेतली त थेच येऊन सांगन. धाडा तिले."

"लाजून राहिली ते."

"यमुना? भर चौकात नवऱ्याले हाणते ते. लाजन कायची?"

भैय्याजी हसून निघून गेले. पांढुर्ण्याहून त्यांनी दंडारीच्या खेळात आवाजाच्या नकला करणारा गडी आणला.

प्रचार त्याच दिवशी पाचला बंद होणार होता. साडेचारला भैय्याजींची जीप वॉर्डात फिरली. कॅसेटमधला गुणवंता सांगत होता, यमुनाबाईंनी माघार घेतली आहे. खरा गुणवंता ओसरीवर चहा पीत होता.

"कॅसेटीत आवाज मोकळा लागला तुमचा," घरातून प्रमिला, त्याची बायको, म्हणाली.

तो तसाच तहसीलीत गेला. तहसीलदार साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छपा हुआ पर्चा होता तो प्रेस का नाम देखते. कैसेट का नियम अभी आया नहीं."

"मंग मी भोंग्यावर सांगतो, का थे खोटं हाये."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजून दहा. "भोंगा बंद. इसका नियम है."

दुसऱ्या दिवशी तो घरोघरी पायी फिरला. शेजारच्या कलाबाईनं त्याला पाणी दिलं, बसवलं.

"काकू, थो मी नोहतो. यमुना उभीच हाये."

"बरं. मंग भोंग्यावर सांग ना."

"भोंगा बंद हाये."

"पाह्य बरं! खरं असतं त भोंग्यावर सांगतलं असतं. घरात येऊन हळूच काहून सांगून राहिला, भाऊ? यमुनानं चहा पाजला वाट्टे."

यमुनाबाई अकरा मतांनी पडली. निकालाचं एलान करायला तहसीलीनं गुणवंतालाच बोलावलं. त्यानं भोंगा लावला आणि भैय्याजी निवडून आल्याचं सांगितलं, नेहमीच्याच आवाजात. कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

रिक्षाजवळ यमुनाबाई उभी होती.

"आता चालू झाला का भोंगा?" ती म्हणाली.