सहीवरचं कुंकू

माझं शिक्षण झालं ते आत्यामुळे. यवतमाळच्या एका बागेत, वडाखाली, ती चहा विकायची आणि त्यातूनच माझी कॉलेजची फी भरायची. घरातला पहिला पदवीधर मी. आता नगर परिषदेच्या उद्यान विभागात आहे.

बागेतला चालण्याचा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि तो वड आड आला. नियमाप्रमाणे खोडावर नोटीस चिकटवली. झाड तोडण्यास हरकत असेल तर मुदतीत लेखी कळवा, असं तिच्यात होतं. खाली माझी सही होती. आत्याला वाचता येत नाही. शिपायानं तिला एवढंच सांगितलं, "तुमच्या भाच्याची सही हाय." तिनं कौतुकानं सहीवर कुंकू लावलं. मग वटपौर्णिमेला बायकांनी नोटिशीवरूनच दोरा गुंडाळला. कुणाचीही हरकत आली नाही.

फांद्या उतरवायला माणसं आली तेव्हा आत्या ऑफिसात धावत आली.

"तुयी सही असून झाड काहून तोडून राह्यले?"

"माह्याच सहीनं तोडून राह्यले, आत्या."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं घेतला नाही. बाहेर जाऊन टायपिस्टाकडून अर्ज लिहून आणला, अंगठा लावून माझ्या टेबलावर ठेवला. मला काहीच वाटलं नाही. मी उत्तर पाठवलं :

"आपली हरकत मुदतीनंतर मिळाल्याने विचारात घेता येत नाही. झाडाखालील चहाचे दुकान तातडीने हलवावे, ही विनंती."