बंगळूरला सापडलेला स्वल्पविराम

मिरजेहून निघालेली गाडी सकाळी बंगळूरच्या यशवंतपूर स्टेशनात थांबली आणि गार वारा लागला. मे महिन्यात असा वारा असतो हे गावात कुणाला पटणार नाही. पिशवीत बी.एस्सी.ची मार्कशीट होती, आमच्या घराण्यातली पहिली. प्राणिशास्त्रात पुढं शिकण्यासाठी मुलाखत होती. जागा मिळाली तर कॉलेज, नाहीतर बाबांच्या हाताखाली गवंडीकाम.

उतरलो बसवनगुडीत, मित्राच्या मावशीकडं. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेली मराठी माणसं ही. मावशीला सगळे अक्का म्हणतात.

"स्वल्प (थोडं) बसा. स्वल्प ऊट (जेवण) करा, मग जावा."

मी हसलो. "अक्का, आमच्याकडं स्वल्प फक्त स्वल्पविरामात उरलाय."

"मग थोडं वाढायचं असलं तर काय म्हणता हो तुम्ही?" असं म्हणत त्यांनी बिसीबेळे भात (डाळ-भाज्यांचा तिखट भात) वाढला. तो काही स्वल्प नव्हता.

बसच्या पाट्या कानडीत. भलत्याच बसमध्ये चढलो, मधेच उतरून चालत गेलो, घामाघूम होऊन कसाबसा वेळेवर पोचलो.

समोर तीन प्राध्यापक. मधल्या बाईंनी विचारलं, "चिंपांझी काडी घालून वाळवी काढतो, दगडानं फळ फोडतो. मग शहर त्यानं का नाही बांधलं?"

मेंदू, अंगठा, भाषा, सगळं म्हणून दाखवलं.

"ते पुस्तकात आहे. तुम्हाला काय वाटतं?"

तेवढ्यात अक्कांचा ‘स्वल्प’ आठवला. मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "मॅडम, चिंपांझीचं पिल्लूही आईचं बघून शिकतं. पण बहुतेक आईइतकंच. तिथं पूर्णविराम. माणूस स्वल्पविराम देतो. माझे आजोबा खाणीत दगड फोडायचे. वडील दगडाच्या भिंती बांधतात, सही करायला मात्र अंगठा. मी तुमच्यासमोर बसलोय. वाक्य एकच चाललंय."

"आणि पुढं?" कडेच्या सरांनी विचारलं.

"पुढचं तुमच्या हातात आहे, सर."

तिघेही हसले. आपसात काहीतरी बोलले. मग बाई म्हणाल्या, "सरी (ठीक). जुलैत या."

परत आलो तो थेट बाबांच्या कामावर. त्यांनी ओळंबा खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माकडं गवंडी का झाली नाहीत, एवढंच विचारलं?"

"तसंच म्हणा."

"त्यांचे बाप शिकवताना ओरडत नसतील."

मग परांचीवरच्या गड्यांकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "बंगळूरला चाललंय शिकायला." स्वल्प थांबले. "आमचं पोरगं."